शिराक, झाक
शिराक, झाक रने : (२९ नोव्हेंबर १९३२ – २६ सप्टेंबर २०१९). फ्रान्सच्या पाचव्या प्रजासत्ताकाचे पाचवे राष्ट्राध्यक्ष (१९९५–२००७), दोनदा पंतप्रधान आणि १९७७ ते १९९५ या काळात पॅरिसचे महापौर. त्यांचा जन्म पॅरिसचा असला, तरी घराण्याचे मूळ मध्य फ्रान्समधील कोरेझ या ग्रामीण भागात होते. उच्च सनदी अधिकारी घडविणाऱ्या राष्ट्रीय प्रशासन विद्यालयातून बाहेर पडल्यावर १९६२ मध्ये ते पंतप्रधान झॉर्झ पाँपिदू यांच्या कार्यालयात रुजू झाले आणि १९६७ मध्ये कोरेझमधूनच संसदेवर निवडून आले.

शिराक हे गॉलवादी परंपरेतील नेते. बलवान राष्ट्राध्यक्ष, परराष्ट्रधोरणातील स्वातंत्र्य आणि अर्थव्यवस्थेत शासनाचा वडिलकीचा हात ही शार्ल द गॉल यांच्या विचारांतून आलेली या परंपरेची सूत्रे होत. १९७४ च्या निवडणुकीत मात्र त्यांनी गॉलवादी उमेदवाराची साथ सोडून व्हालेरी झिस्कार देस्तँ यांना पाठिंबा दिला आणि त्यांच्या विजयानंतर पंतप्रधानपद मिळविले. पुरेसे अधिकार मिळत नसल्याच्या कारणावरून १९७६ मध्ये राजीनामा देऊन त्यांनी त्याच वर्षी ‘प्रजासत्ताकासाठी मेळावा’ या अर्थाचे नाव असलेला आपला पक्ष उभारला. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीतच ते बाद झाले व दुसऱ्या फेरीत त्यांनी झिस्कार यांना दिलेला पाठिंबा इतका थंडा होता, की समाजवादी फ्रांस्वा मितराँ यांचा मार्ग त्यामुळे सुकर झाला.

१९८६ मध्ये संसदेत उजव्या पक्षांना बहुमत मिळाल्याने मितराँ यांना शिराक यांनाच पंतप्रधान नेमावे लागले. राष्ट्राध्यक्ष एका गटाचा आणि संसदीय बहुमत, म्हणून सरकारही, विरोधी गटाचे अशा या व्यवस्थेस ‘सहवास’ म्हणतात. १९५८ च्या संविधानाखाली ती प्रथमच अस्तित्वात आली. सरकारी उद्योगांच्या खासगीकरणाचे वटहुकूम शिराक यांनी पुढे केले असता मितराँ यांनी त्यांवर सही करण्यास नकार दिला, त्यामुळे तीच योजना संसदेतून कायदा करून पार पाडावी लागली. १९८८ मध्ये मितराँ यांच्याविरुद्ध शिराक पुन्हा पराभूत झाले.

अखेर १९९५ मध्ये, सामाजिक दरी बुजविण्याचे आश्वासन देऊन, त्यांनी लिओनेल झोस्पँ यांचा पराभव केला. त्याच वर्षी १६ जुलै रोजी, ज्यूंच्या नाझी छावण्यांकडील रवानगीत फ्रेंच शासनाचाही हात होता, अशी कबुली देणारे ते पहिले राष्ट्राध्यक्ष ठरले. दक्षिण प्रशांत महासागरातील त्यांच्या अणुचाचण्यांवर जगभर टीका झाली. १९९६ च्या आरंभी त्या थांबविण्यात आल्या आणि पुढे सक्तीची लष्करी सेवाही बंद झाली. देशांतर्गत आघाडीवर मात्र पंतप्रधान आलँ झ्युपे यांच्या निवृत्तिवेतन सुधारणांमुळे १९९५ च्या अखेरीस रेल्वेसह सार्वजनिक सेवा आठवडेच्या आठवडे ठप्प झाल्या. बहुमत पक्के करण्यासाठी शिराक यांनी १९९७ मध्ये मुदतीच्या वर्षभर आधी संसद विसर्जित केली, पण डाव उलटला. डावे पक्ष जिंकले आणि मितराँ यांच्यावर जी वेळ शिराक यांनी आणली होती, तीच झोस्पँ यांच्या पंतप्रधानपदाने पाच वर्षे त्यांच्यावर आली. राष्ट्राध्यक्षाची मुदत सातऐवजी पाच वर्षे करण्यास २००० च्या सार्वमताने मान्यता मिळाली, त्यामागे ही कोंडी टाळण्याचाही हेतू होता.

२००२ मध्ये पहिल्या फेरीत त्यांना २० टक्क्यांहूनही कमी मते मिळाली. परंतु दुसऱ्या फेरीत समोर अतिउजवे झाँ-मारी ल पेन आल्याने डाव्या मतदारांनीही त्यांच्या पारड्यात मते टाकली आणि ते सुमारे ८२ टक्के मतांनी निवडून आले. २००३ मध्ये इराकवरील अमेरिकी आक्रमणास त्यांनी ठाम विरोध केला. भारताशी १९९८ मध्ये सामरिक भागीदारी सुरू करणाऱ्या शिराक यांनी त्याच वर्षीच्या पोखरण चाचण्यांनंतर भारतावर निर्बंध लादले नाहीत. २००५ मध्ये युरोपीय संविधानाचा मसुदा सार्वमतात फेटाळला गेला व त्याच वर्षी उपनगरांत दंगली उसळल्याने त्यांची अखेरची वर्षे निष्प्रभ ठरली.

पद सुटताच त्याबरोबरचे कायदेशीर संरक्षणही संपले आणि महापौरपदाच्या काळात पक्षाच्या माणसांना पालिकेत नाममात्र नोकऱ्या दिल्याबद्दल २०११ मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. निवडणुका जिंकण्यात वाकबगार, पण मिळालेले बहुमत टिकाऊ सुधारणांसाठी वापरण्यात कमी पडलेला नेता, असे त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करता येते. परराष्ट्रधोरणात व इतिहासाच्या उत्तरदायित्वाच्या प्रश्नावर घेतलेल्या भूमिका हा तिचा अधिक भक्कम भाग होय.