वळिवडेची वसाहत आणि परतीची वाट

दिवाळी हा घरी परतण्याचा सण. दौंड-मनमाड मार्गावरच्या काष्टीसारख्या लहानशा स्टेशनावर या दिवसांत बोचकी सांभाळत उतरणारी माणसे पाहिली, की परतण्याइतकी सोपी गोष्ट जगात नसावी असे वाटते. पण परत जावे की न जावे हेच उमगू नये, अशीही वेळ माणसांवर येते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी ती पाच हजार माणसांवर आली होती.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मनी आणि रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला आलेल्या पूर्व भागातली लाखो माणसे १९४०-४१ मध्ये सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आली. पुढे हिटलर रशियावर उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. आणि १९४२ मध्ये जनरल अँडर्सच्या सैन्यामागोमाग हजारो बायकामुले इराणात पोहोचली. त्यांतली काही मुले जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीस ठेवून घेतली. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडेची वसाहत उभी राहिली. तिच्यात शाळा होत्या, चर्च होते, नाटकेही होत. पंचगंगेच्या खोऱ्यात जणू एक धाकटा पोलंडच नांदू लागला.

युद्ध संपले आणि खरा पेच तेथून सुरू झाला. याल्टाच्या वाटाघाटींत पूर्व पोलंड रशियाकडे गेला. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची काढून घेतली. ज्या सरकारच्या कागदपत्रांवर ही माणसे जगत होती, ते सरकारच आता कागदावरून पुसले गेले!

परत जावे, तर आपली भाषा, आपली माणसे आणि बेचिराख झालेला देश पुन्हा उभारण्याचे काम वाट पाहत होते. पण पुष्कळांचे गाव आता पोलंडात उरलेच नव्हते, आणि ज्या सत्तेने सैबेरिया दाखवला तिच्याच छायेत राहायचे होते. न जावे, तर येथे ना कायमचा परवाना, ना पोटापुरता उद्योग. सरकारी बाजूही अगदीच पोकळ नव्हती. छावणी पोसायची कोणी आणि किती वर्षे? आणि १९४७ मध्ये तर भारतालाच स्वतःचे लक्षावधी निर्वासित सांभाळायचे होते.

बळजबरीचा मार्ग जगाने पाहिला होता. १९४५ मध्ये ऑस्ट्रियात लिएन्झ येथे ब्रिटिश सैनिकांनी हजारो कोसॅक स्त्रीपुरुषांना जबरदस्तीने रशियाच्या हवाली केले. कित्येकांनी त्याआधीच जीव दिला. पुढे १२ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, की ज्यांचे आक्षेप खरे ठरतील अशा निर्वासितांना मायदेशी जाण्याची सक्ती करू नये.

वळिवड्यात अशी सक्ती झाली नाही. थोडे पोलंडला गेले. पुष्कळजण, विशेषतः सैनिकांची कुटुंबे, ब्रिटनला गेले. तेथे १९४७ मध्ये पोलिश पुनर्वसनाचा कायदा झाला होता. बाकीचे दूरदूरच्या देशांत पांगले. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. याचीही किंमत होतीच: म्हाताऱ्या आईबापांना पुन्हा न भेटता परमुलखात आयुष्य काढावे लागले. पण ती किंमत त्यांनी स्वतः मोजून दिली होती. आणि गंमत पाहा, त्याच बराकींत नंतर सिंधी निर्वासित आले. त्यांना तर परतीची वाटच नव्हती; त्यांनी तेथेच बाजारपेठ वसवली. तेच आजचे गांधीनगर.

कोणत्याही देशाला आपल्या सीमेचा आणि कायद्याचा आग्रह धरावाच लागतो. पण परत पाठवण्याआधी माणूस कोण, त्याचे घर आज कोठे आहे आणि तेथे त्याची काय गत होईल, एवढे विचारण्याइतकी सवड सरकारने काढली पाहिजे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडून बांगलादेशाच्या हद्दीत धाडलेले काही मजूर पश्चिम बंगालचेच निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. वळिवड्याला जे विचारले गेले, ते येथे विचारायचे राहून गेले होते.