रामना बैल

आमच्या खान्देशात माणसाला शिक्षा व्हायची तर आधी काही गुन्हा करावा लागतो. भाषेला तेवढीही गरज पडत नाही. अहिराणीचंच पाहा ना! धुळ्याच्या बाजारात मिरचीचा भाव पाडताना केवढी ऐटबाज. व्याकरणवाल्यांपुढे उभी केली की आरोपी. (जळगावच्या पूर्वेकडची लेवा बोली निराळी, तिचा दावा आज बोर्डावर नाही.)

तिचा मोठा खटला चालला ग्रियर्सनसाहेबापुढे. साहेब सनदी नोकर, उमेदीची वर्षं बिहारकडे गेलेली. १८९८ मध्ये सरकारने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी त्याच्यावर सोपवली. प्रत्येक बोलीची साक्ष एकाच मजकुरावर: बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट आपापल्या बोलीत उतरवून पाठवायची. तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामं नि तिन्ही काळ येतात, हा साहेबाचा हिशेब. बापाचा पैसा उडवून परतलेला तो पोरगा मग शेकडो बोलींत माफी मागत बसला!

१९०७ मध्ये निकाल छापून आला. खान्देशीला मराठीच्या खंडात जागाच नाही. तिची रवानगी भिल्ली बोलींच्या खंडात, गुजरातीच्या गोतात. पुरावा? मराठीत ‘रामाचा’, इथे ‘रामना’. मराठीत ‘आहे’, इथे ‘से’. गुजरातीतल्या ‘नो’ आणि ‘छे’ची ही सख्खी भावंडं. बऱ्याच मराठी पंडितांना निकाल अमान्य; ती मराठीचीच बोली, असं त्यांचं अपील. इकडे २०११ च्या जनगणनेने खान्देशीचे साडेअठरा लाख लोक वेगळे मोजून ठेवलेत.

तुम्ही म्हणाल, यात आमच्या बापाचं काय जातं? कोर्टात जातं. समजा, बैलचोरीचा खटला आहे. वकील विचारतात, “बैल कुणाचा?” म्हातारबाबा सांगतात, “रामना.” झाली मालकी सिद्ध. पण पुण्याहून नुकताच बदलून आलेला कारकून ऐकतो, “राम? ना!” एका ‘ना’पायी बैल गेला.

कायदा तसा समंजस. कोर्टाच्या भाषेहून वेगळ्या भाषेतली साक्ष जमल्यास त्याच भाषेत लिहावी, नाहीतर तिचा खरा तरजुमा करावा, हे १९७३ च्या फौजदारी संहितेत होतं, २०२३ च्या संहितेतही आहे. खालच्या कोर्टाची भाषा मराठी. आता ग्रियर्सनचं ऐकलं तर बाबांना दुभाष्या हवा. पंडितांचं ऐकलं तर बाबा मराठीच बोलतायत, दुभाष्या कशाला? मराठीने मायेने पदराखाली घेतलं, नि तिथेच बाबांचा दुभाष्या हुकला.

अशा वेळी एखादा मुरलेला खान्देशी शिरस्तेदार हळूच म्हणतो, “साहेब, रामाचा म्हणतोय तो.” बैल गोठ्यात परततो. फक्त त्या शिरस्तेदाराची बदली होता कामा नये.