वेळ सात-बाराची

सिरोंच्यात सातबाऱ्याचं पान उघडलं नाही की माणसं आधी टॉवरकडे बघतात, मग आभाळाकडे. २ जुलै २०१९च्या संध्याकाळी जगभर पानं अडकली, तेव्हा दोष ना टॉवरचा होता ना आभाळाचा. तो एका ओळीत होता.

काही आठवडे आधी. क्लाउडफ्लेअर ही कंपनी असंख्य संकेतस्थळांच्या दारात राखण करते. तिच्या फायरवॉलमध्ये एक लगाम होता : कुठल्याही नियमाने प्रोसेसर बेसुमार खाऊ नये. डागडुजीत तो चुकून निघाला. आणि ती डागडुजी प्रोसेसरचा भार कमी करण्यासाठीच चालली होती!

संध्याकाळी ७:१२ (भारतीय वेळ, हो, सात-बाराच). घातक स्क्रिप्ट ओळखणारा नवा नियम सुटला. बाकीचं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने जायचं; नियम मात्र तेव्हा सेकंदांत जगभर जायचे, कारण हल्लेखोर थांबत नाही. त्यातून हा नियम चाचणीपुरता. बघायचं, अडवायचं नाही.

आपल्याकडच्या वन तपासणी नाक्यावर शिपायाला सांगा, सागवानाचा ट्रक अडवू नकोस, नुसता मोज. पण ओंडक्यांचे जेवढे म्हणून वाटे पडतील तेवढे पाडून मोज. ट्रक अडवला कुणी नाही, तरी हलत नाही. या नियमाचं तेच झालं. तपासायच्या मजकुरात बरोबरच्या (=) चिन्हापुढे एक अक्षर असेल तर २३ पायऱ्या, वीस असतील तर ५५५.

७:१५. पहिला गजर. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, लोकांच्या पडद्यावर ‘५०२’ ही त्रुटी. वाहतूक ८२ टक्क्यांनी घसरली. संशय आधी हल्ल्याचाच आला. कोणती साइट बंद आहे हे सांगणारं डाउनडिटेक्टरही आडवं.

७:३०. हल्ला नव्हे, आपलंच फायरवॉल.

७:३२. ते जगभर एकदम बंद करायचं ठरलं. पण बटणापर्यंत पोचायचं कसं? कंपनीचं स्वतःचं नियंत्रण पॅनेलही त्याच नाक्यामागे. काही कर्मचाऱ्यांचे परवाने तर बरेच दिवस न वापरल्यामुळे आपोआप रद्द झालेले. शेवटी क्वचितच वापरात येणारी एक आडवाट धरावी लागली.

७:३७. फायरवॉल बंद.

७:३९. वाहतूक पूर्ववत.

८:२२. तो नियम काढून फायरवॉल पुन्हा सुरू. मधला पाऊण तास नाक्यावर शिपाईच नव्हता.