सावली कुणाची?

नॉर्वेच्या एडवर्ड मुंकचं १८९४-९५ सालचं एक चित्र आहे. नाव ‘प्युबर्टी’, म्हणजे वयात येणं. मी ते छापलेलंच पाहिलंय. पलंगाच्या काठावर नागडी पोरगी बसलीय. गुडघे जुळवलेले, हात मांड्यांवर आडवे, डोळे सरळ आपल्याकडे. मागं भिंतीवर तिची सावली, फुगून वर चढलेली. पोरीच्या पोटातली भीती मुंकनं त्या सावलीत ओतली. दिसतं तसं न काढता आतलं दुखणं रेघेत आणायचं, या रीतीला पुढं एक्सप्रेशनिझम म्हणू लागले. १९०५ साली ड्रेस्डेनच्या चार विद्यार्थ्यांनी ‘ब्रुक’ म्हणजे पूल हा गट काढला, तो याच वाटेवर. १९३७ साली नाझींनी म्युनिकला प्रदर्शन भरवून असल्या कलेला विकृत ठरवलं. विकृत कोण, ते जगानं पुढं बघितलंच.

नाझींपायी देश सोडलेले लँगहॅमर, श्लेसिंजर मुंबईत आले. इथल्या तरुण चित्रकारांना त्यांचा आधार झाला. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटात मोटारी धुऊन पोट भरलेला के. एच. आरा होता. तरी आपल्या वस्तीचं दुखणं त्या रेघेत यायला सवी सावरकर यावा लागला. आडनावावर जाऊ नका. हा १९६१ साली नागपुरात जन्मलेला, आपल्यातला. गळ्यात मडकं, पाठीला झाडू, असा पेशवाईतला अस्पृश्य त्यानं काढला. देवदासी तर पुन्हापुन्हा काढली. आमची पोरं म्हणतात, "किती भेसूर!" मी म्हणतो, भेसूर हायेच. पण मडकं बांधलं कुणी, ते आधी विचारा.

मुंकच्या पोरीची सावली तिच्याच अंगातनं उठते. देवदासीवरची सावली देवाच्या नावाची, पुजाऱ्याची, अख्ख्या गावाची. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, तरी ती लवकर हलली नाही.

आता आपल्या शहापूर-मुरबाडकडं या. पावसाळा सरला की कातकरी घरं उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा. तरी उचल फिटत नाही. पोरगी शाळा सोडून डोक्यावर विटा वाहते, खोपीतच वयात येते. तिच्यामागची सावली मालकाच्या वहीची. रात्री खोपीला दार नसतं, तेव्हा तिला काय वाटत असेल, हे कुणी काढलंय?

शहरवाल्यांना दिवाणखान्यात तारप्याभोवती नाचणारी वारली पोरं हवीत. तो नाच खराच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण भट्टीवरची पोरगी नाचत नाही, म्हणून ती भिंतीवर येत नाही.

पोरांनो, भट्टीवर कोळसा पडलेला असतो. उचला. तिला काढा, सावलीसकट. आणि ती सावली कुणाची, तेही खाली लिहा.