झोपलेल्या पाखरावर बंदूक

जहांगीर बादशाहाच्या दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर यांनी रंगवलेला टर्की पक्षी अनेकांनी चित्रात पाहिला असेल. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून नवलाईचे पशुपक्षी आणले, त्यांत तो होता. त्याच्या डोक्याचे आणि मानेचे रंग कसे पालटतात, हे बादशाहाने स्वतःच्या आठवणींत बारकाईने नोंदवले आहे. आपल्याकडे ज्या पक्ष्याचे एवढे कौतुक झाले, त्याच्या रानटी भाईबंदांचे अमेरिकेत काय झाले, हे मी वाचू लागलो आणि शिकारीच्या इतिहासातला एक मोठा धडा हाती लागला.

रानटर्की दिवसभर जमिनीवर चरतो, पण रात्री उंच झाडावर झोपतो. अंधारात त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो सहसा फांदी सोडत नाही. ही सवय त्याच्या जिवावर उठली. ऑड्युबॉन या प्रसिद्ध पक्षिचित्रकाराने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवले आहे, की हिवाळ्यात शिकारी चांदण्या रात्री झाडाखाली जाऊन या पक्ष्यांना टिपत. घुबड आले तर उडून जाणारे हे पक्षी बंदुकीचे बार मात्र एकामागून एक ऐकत बसून राहत. घुबडाची ओळख त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची होती, बंदुकीची नव्हती.

जंगले तुटत होती, बाजारात मांसाला मागणी होती आणि शिकारीला कसलीच मर्यादा नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्यातला शेवटचा मूळ रानटर्की १८५१ साली मारला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तो अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता.

मग नियम आले. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, पण ते तगले नाहीत. १९५० च्या दशकापासून रानातलेच पक्षी जाळ्यात पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ साली न्यूयॉर्कहून आणलेले अवघे ३७ पक्षी सोडले, आज तिथे हजारो आहेत.

शिकार आजही होते, पण तिची रीत बदलली. झोपलेल्या पक्ष्यावर गोळी झाडायला अनेक राज्यांत बंदी आहे. शिकारी संध्याकाळी कान देऊन पक्षी कोणत्या झाडावर चढले ते हेरतो, कधी घुबडाचा आवाज काढून नराला ओरडायला लावतो. पहाटे अंधारातच येऊन झाडापासून साधारण शंभर मीटरवर, रुंद बुंध्याला पाठ लावून बसतो. त्याहून जवळ गेला तर पक्षी सावध होतात आणि दुसऱ्याच दिशेला उतरतात. मग तो मादीसारखा हलका आवाज काढतो आणि वाट पाहतो. उजाडल्यावर नर खाली उतरून आपणहून चाळीसेक पावलांवर आला, तरच बार काढायचा. पुष्कळदा तो येतच नाही, आणि शिकारी रिकाम्या हाताने घरी जातो.

मला या शंभर मीटरांचे मोल मोठे वाटते. आजोबाच्या काळात शिकारी थेट झाडाखाली उभा राहत होता, नातू दूर बसतो. बंदूक तर आजची अधिक चांगली आहे. म्हणजे फरक ताकदीचा नाही, ती आवरण्याचा आहे. हा आवर माणसाला आपोआप सुचला नाही. राने ओस पडली, कायदा झाला, तेव्हा तो अंगवळणी पडला.

समोरचा बेसावध आहे, आपल्या हाती हत्यार आहे आणि अडवणारे कोणी नाही, अशी वेळ फक्त शिकाऱ्यावरच येते असे नाही. राज्यकर्त्यांवर येते, बहुसंख्यांवर येते, घरातल्या कर्त्या माणसावरही येते. तेव्हा आपण किती अंतरावर थांबतो, यावरूनच इतिहास आपली पारख करतो.