१४. टेकडीवरची पुसट वासाची व्हायोलेट
व्हायोला ओडोराटा ही सुगंधी जात (युनानी औषधांतली बनफशा) आणि व्हायोला हिर्टा ही बिनवासाची केसाळ जात यांचा निसर्गतः झालेला संकर, व्हायोला स्काब्रा. इंग्लंडमधल्या चुनखडीच्या उतारांवर दोन्ही जाती शेजारी वाढतात, तिथे तो आढळतो. फुले जांभळी, बहर वसंतात. खरी ओळख मात्र पानाच्या देठावरून पटते, भिंग हवे. सुगंधी जातीच्या देठावरची लव खाली वळलेली असते, केसाळ जातीची आडवी, ताठ. संकराची या दोहोंच्या मधली. सुगंधी जात जमिनीलगत लांब फुटवे सोडून पसरते, केसाळ जातीला ते नसतात. संकराला येतात ते आखूड. संकराचा वास जेमतेम जाणवतो, त्याचे कारण हा मिश्र वारसा.