पॅराफिनचा धडा

एप्रिल २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि व्यतिकरणमापक हे उपकरण चर्चेत आले. पदार्थाचा विद्युत-स्वभाव उलगडण्याचे त्याचे जुने कार्य मात्र फारसे कोणी आठवत नाही.

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असेल, तर अचुंबकीय पदार्थाच्या अपवर्तनांकाचा वर्ग त्याच्या पराविद्युत स्थिरांकाइतका असला पाहिजे, हे मॅक्सवेलच्या सिद्धांताचे भाकीत. अपवर्तनांक मोजायला प्रकाश पुरे. संधारित्राची गरज नाही.

मायकेलसनच्या उपकरणाच्या एका भुजेत १० सेंटिमीटर लांबीची निर्वात नळी ठेवा आणि हळूहळू हवा आत सोडा. हीलियम-निऑन लेसरच्या प्रकाशात ८० च्या आसपास पट्टे सरकतात. त्यावरून हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००२५ येतो आणि पराविद्युत स्थिरांक १.०००५. रायपूरच्या जानेवारीत हवा दाट असते, म्हणून पट्टे थोडे वाढतात. मे महिन्यात ते घटतात.

हवेने भाकीत पाळले. पॅराफिनने पुरते पाळले नाही. १८७३ च्या ग्रंथात मॅक्सवेलने दोन आकडे शेजारी ठेवले : विद्युत-मापनातून १.४०५, प्रकाशातून १.४२२. हा फरक निरीक्षणातील चुकांपेक्षा मोठा आहे, पदार्थरचनेचे आपले ज्ञानच अपुरे आहे, असे त्याने स्वतःच नमूद केले.

पाण्यात तर हे अंतर प्रचंड आहे. अपवर्तनांकाचा वर्ग १.७७, स्थिर क्षेत्रातला पराविद्युत स्थिरांक जवळजवळ ८०. पाण्याचे ध्रुवीय रेणू संथ क्षेत्रामागे वळतात, पण प्रकाशाच्या वेगवान दोलनांमागे त्यांना वळता येत नाही. तेथे मुख्यतः इलेक्ट्रॉनच प्रतिसाद देतात. विसाव्या शतकात डिबाय यांनी या रेणूंचा सिद्धांत मांडला. त्याआधीच, १८९० च्या दशकात, कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अत्यल्प लांबीच्या विद्युत-लहरींनी गंधक आणि काच तपासली होती. काचेचा अपवर्तनांक त्या लहरींसाठी प्रकाशापेक्षा जास्त निघाला. म्हणजे पराविद्युत स्थिरांक हा पदार्थाचा एकच ठरीव आकडा नव्हे; तो वारंवारतेवर अवलंबून असतो.

लायगोचे आरसेही याच ज्ञानावर उभे आहेत. त्यांचे परावर्तन धातूच्या मुलाम्यातून होत नाही. कमी-अधिक अपवर्तनांकाच्या पराविद्युत थरांतून होते.

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगवहीत पुस्तकातला आकडा आला नाही की तो ‘जुळवण्याचा’ मोह होतो. मॅक्सवेलने स्वतःच्या सिद्धांतासाठीही पॅराफिनचा आकडा जुळवला नाही. फरक तसाच लिहून ठेवला, म्हणून पुढच्यांना तो सोडवता आला.